विष्णुवर्धनचं वजन

३ जून, सोमवार, बाजाराचा वार लेगी

सात किलो शंभर. मागच्या महिन्यातही सात किलो शंभर. तेरा महिन्यांच्या मुलानं निदान नऊ तरी भरायला हवं, असं नर्सबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता गायत्रीकडे बघितलं. गायत्री माझी मुलगी. तिनं मान खाली घातली. तिनं असं खाली बघितलेलं मला सोसत नाही, म्हणून मी नर्सबाईंवर खेकसलो की तुमचा काटाच बिघडलाय. त्यांनी शांतपणे पाच किलो तांदळाची पिशवी काट्याला टांगून दाखवली. बरोबर पाच भरली.

माझ्या नातवाचं नाव विष्णुवर्धन. मीच ठेवलंय. जन्मला तेव्हा जेमतेम दोन किलोचा होता, माझ्या दोन तळव्यांत मावायचा. चौतीस वर्षं तुंपांगच्या शाळेत इतिहास शिकवलेल्या माणसाला अशा वेळी शोधाशोध करावी लागत नाही. जावाच्या ज्या जुन्या राजाचं मंदिर आमच्या गल्लीच्या टोकाला उभं आहे, त्याचंच नाव दिलं. विष्णू म्हणजे सांभाळणारा आणि वर्धन म्हणजे वाढणं. एवढ्याशा पोराला याहून चांगलं मी काय देणार होतो?

नर्सबाईंच्या कार्डावर त्या नावाची शेवटची दोन अक्षरं रकान्याच्या बाहेर जातात. वजनाची रेघ मात्र आडवीच्या आडवी आहे.

५ जून, बुधवार, पोन

विहीणबाईंनी आज तोंड उघडलं. तसं ते मिटलेलं मी फार वेळा पाहिलेलं नाही. कास्तिनाह त्यांचं नाव. बाजारात सोयाबीनचं तेंपे विकतात आणि गावातल्या तान्ह्या मुलांना तेल लावून चोळतात. त्यांचा मुलगा मुजिओनो माझा जावई. तो जीप चालवतो, पाहुण्यांना ब्रोमोच्या डोंगरावर सूर्योदय दाखवायला नेतो. माणूस चांगला आहे, पण आईसमोर त्याचा आवाज फुटत नाही.

"गुरुजी, रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "पोराला नाव जड झालंय."

"किती जड? किलोत सांगा."

"करा चेष्टा. माझ्या हाताखालून सातशे पोरं गेलीत. पाठीवर हात ठेवला की मला कळतं. बिचारं वाकलंय नावाखाली. राजाचं नाव ते! आणि आपण कोण? मी तेंपेवाली, हा जीपवाला."

"आणि मी?"

"तुम्ही पेन्शनवाले."

मुजिओनोला हसू आलं, ते त्यानं खोकून लपवलं.

"अर्ध्या तासाचं काम आहे," विहीणबाई म्हणाल्या. "लाल-पांढरी खीर करू, चार शेजारी बोलावू, इमामसाहेब दुवा म्हणतील आणि हलकंसं काहीतरी नाव ठेवू. सरकारी कागदावर राहू दे की तुमचा राजा, तिथं तो कुणाला दाबत नाही."

हे खूळ मला नवीन नाही. मूल किरकिरं झालं, अंगाला अन्न लागेना, की आमच्याकडे आधी नावावर संशय. अर्धं गाव असं बदललेल्या नावाचं आहे. मी सांगून टाकलं, मी जिवंत आहे तोवर या घरात त्याचं नाव बदलणार नाही. गायत्री दोरीवरचे कपडे उलटसुलट करायला गेली. कपडे सकाळीच वाळले होते.

९ जून, रविवार, पहिंग

सकाळी झाडू घेऊन मंदिरात गेलो. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी जातो, कुणी सांगितलेलं नाही. आमची जूनची थंडी चांगलीच पडायला लागली आहे. पायऱ्यांवरचं शेवाळ हाताला बर्फासारखं लागत होतं.

या नावाचा विचार करत बसलो. जंबुद्वीपातून गलबतं यायची, जाताना लवंग-जायफळ न्यायची. त्यांच्याबरोबर पंडित आले, आणि पंडितांबरोबर हे शब्द. जय, वर्मन, वर्धन. आमच्या राजांनी ते अंगरख्यासारखे अंगावर चढवले. गलबतं गेली, पंडित गेले, राजे गेले, आम्ही मुसलमान होऊनही पाचशे वर्षं झाली. नावं राहिली. आमच्या गल्लीत एक सूर्य आहे, दोन अर्जुन आहेत, तिघंही शुक्रवारी मशिदीत पहिल्या रांगेत असतात. मी माझ्या मुलीचं नाव गायत्री राजपत्नी ठेवलं तेव्हाही लोक हसले होते. राजपत्नीनं जीपवाला केला तेव्हा परत हसले. हसोत.

पण दैनंदिनीत खोटं लिहायचं नाही, असं मी स्वतःला बजावलेलं आहे. तर एक गोष्ट घरात कुणालाच सांगितलेली नाही. विष्णुवर्धन हे त्या राजाचं लहानपणीचं नाव नव्हतं. जुन्या बखरीत लिहिलंय, त्याला रंगावुनी म्हणायचे. काका त्याच्या जिवावर उठला होता, आणि दुसऱ्याच्या घरात लपून राहिला तेव्हाही तो रंगावुनीच होता. विष्णुवर्धन तो झाला गादीवर बसल्यावर. शाळेत हा धडा मी वर्षानुवर्षं शिकवला, परीक्षेत दोन मार्कांना विचारलासुद्धा.

हे विहीणबाईंच्या कानावर गेलं तर संपलंच.

१३ जून, गुरुवार, लेगी

तीन दिवस झाले, ताप उतरतो आणि चढतो. दूध पितो आणि टाकतो. दिवसभर गायत्रीच्या कमरेवर, शेल्यात बांधलेला, रडायलाही त्याच्यात जोर नाही. चेहरा एवढासा झालाय, डोळे तेवढे मोठे. मी जवळ गेलो की माझ्या चष्म्याकडे हात करतो, आणि तो हात अर्ध्यातच खाली येतो. मला ते बघवत नाही. बाहेर जाऊन उगीच कोंबड्यांवर ओरडलो.

दुपारी गायत्री म्हणाली, "बाबा, समजा..."

"समजा काही नाही," मी म्हटलं. "त्याला औषध लागतं. नाव काय करणार?"

"तुम्ही म्हणता वर्धन म्हणजे वाढणं. मग नावानं वाढतं, तर नावानं खुंटतही असेल ना?"

मी आवाज चढवला. चौतीस वर्षांची सवय. ती आत गेली. बराच वेळ नळाचं पाणी वाहत होतं आणि भांड्यांचा आवाज नव्हता.

मी एवढा का अडून बसलोय, हे मला ठाऊक आहे. बाजाराचे वार पाच, लेगी, पहिंग, पोन, वागे, क्लिवोन. मी पोनला जन्मलो म्हणून आईनं मला पोनिरान करून टाकलं. तेवढाही विचार करायला तिला वेळ मिळाला नसावा. मलांगला शिक्षकांच्या कॉलेजात हजेरी व्हायची, विक्रम हजर, आदित्य हजर, सत्यवान हजर, आणि मग 'पोनिरान!' की अख्खा वर्ग खिंकाळायचा. एकजण रोज विचारायचा, आज बाजारात कोबी काय भाव? गुरुजी झालो आणि सुटलो. गावात आता निम्म्यांना माझं नावच ठाऊक नाही. बायको तर नाव घेण्यातली नव्हतीच. आई 'रान' म्हणायची. तिला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हापासून कुणी मला नावानं हाक मारलेली नाही. आणि माझं काही अडलेलं नाही.

माझ्या नातवाला कुणी कोबीचा भाव विचारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९ जून, बुधवार, पहिंग

ईदच्या धांदलीत चार-पाच दिवस लिहायचं राहिलं. आज दुपारी मुजिओनोनं आग्रहच धरला की मंदिराच्या कुंपणाची तार तुटलीय, बाबा, तुम्ही बघून या, तुमच्याशिवाय कुणाला कळणार. गेलो. तार कुठंही तुटलेली नव्हती. मी तीनदा चक्कर मारली. जीपवाल्यांचं लक्ष कुठं असतं कोण जाणे.

परत आलो तर अंगणात चटया, शेजारपाजारचे निघायच्या बेतात, इमामसाहेब चपला शोधत होते. मला बघून सगळे एकदम गप्प झाले आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. विहीणबाईंनी हातात खिरीची वाटी दिली. गुळाची लाल, वर नारळाच्या दुधाची पांढरी. पलीकडच्या घरच्या धाकट्याचा आज दर पस्तीस दिवसांनी येणारा वाराचा वाढदिवस, त्यांचं अंगण लहान म्हणून आपल्याकडे केलं, असं म्हणाल्या.

"त्याचा वार क्लिवोन," मी म्हटलं. "आज पहिंग आहे. पोटच्या पोराचा वार ठाऊक नाही लोकांना, कमाल आहे!"

"तेच तर," विहीणबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखं शिकलेलं कोण आहे हो इथं?"

मान्य करतात कधीकधी. खीर मात्र फार चांगली झाली होती, मी दोन वाट्या खाल्ल्या. गायत्री माझ्याकडे बघत उभी होती. डोळे लाल होते तिचे. मी म्हटलं, उद्या मलांगला मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं, मी ठरवलंय, कुणी मध्ये बोलायचं नाही.  उलट विहीणबाई म्हणाल्या, न्या की, दोन्ही बाजूंनी धरलेलं बरं. दोन्ही बाजू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

२० जून, गुरुवार, पोन

पहाटे मुजिओनोच्या जीपनं निघालो. दवाखान्यात नंबर यायला अकरा वाजले. खिडकीतल्या मुलीनं पुकारलं, "विष्णुवर्धन!" आणि सगळे वळून बघायला लागले, कोण एवढा मोठा माणूस आलाय म्हणून. गायत्रीच्या शेल्यातून एक डोकं बाहेर आलं. एक म्हातारा हसला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण पहिल्यांदाच मला वाटलं, खरंच, केवढं नाव आणि केवढंसं पोर.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनी शोभतील. त्यांनी लघवी तपासायला पाठवली. तीच कुणी तपासली नव्हती. आतमध्ये जंतुसंसर्ग आहे, म्हणाल्या, बरेच दिवसांचा असावा, म्हणून ताप येतो-जातो आणि अंग धरत नाही. दहा दिवस औषध, एकही वेळ चुकवायची नाही, मग परत तपासू. सोनोग्राफीसुद्धा केली, त्यात काही वाईट निघालं नाही.

गायत्रीनं विचारलं, "नावानं काही होत नाही ना हो?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या धाकट्या भावाचं दोनदा बदललं. मी औषधाचं सांगते, ते तुम्ही न चुकता करा. बाकीचं तुमच्या आईला विचारा."

२४ जून, सोमवार, पहिंग

तीन दिवस झाले, ताप नाही. आज भाताची पेज अर्धी वाटी गेली आणि राहिली. औषधाच्या वेळा मी भिंतीवर तक्ता करून लावल्यात, प्रत्येक वेळेला खूण करतो.

एक विचित्र गोष्ट झाली, लिहू की नको असं वाटतंय. दुपारी आडवा झालो होतो. डोळा लागला होता की नव्हता ठाऊक नाही, आणि मागच्या विहिरीकडून आईची हाक ऐकू आली. "रान, ए रान! ये इकडे!" आमच्या खेड्यातला तो हेल, शेवटी असा वर ओढलेला. मी ताडकन उठून बसलो. मागे गेलो तर विहीणबाई विष्णुवर्धनला आंघोळ घालत होत्या. माझ्याकडे बघून त्यांच्या हातातला तांब्या पडला.

"कुणी हाक मारली का?" मी विचारलं.

"छे! कुणाला? वारा असेल."

एकाहत्तराव्या वर्षी कान वाजणारच.

२७ जून, गुरुवार, क्लिवोन

आज परत. भरदुपारी. "रान, रान, घास घे बाळा." घास घे! मी सहा-सात वर्षांचा असताना ताटलीवरून पळायचो, आई अशीच मागे यायची. दचकलो, पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. इतकं बरं वाटलं की उठून बघावंसंही वाटलं नाही, बघितलं तर थांबेल म्हणून.

आमच्याकडे म्हणतात, गेलेल्या माणसानं नाव घेऊन बोलावलं तर ओ द्यायची नाही. मी ओ दिली नाही. पण तिसऱ्यांदा बोलावलं तर काय करेन सांगता येत नाही.

संध्याकाळी मुजिओनोला बसवून कागद कुठं आहेत ते दाखवलं. पेन्शनचे, घराचे, बायकोच्या कबरीशेजारच्या जागेचे. त्यानं कागद खाली ठेवले. "बाबा, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय? माहीत असलेलं बरं." त्यानं दारात जाऊन गायत्रीशी कुजबूज केली. ती आली, माझ्या पायाशी बसली आणि पाय चेपायला लागली. लहानपणी बसायची तशी.

पोर आता सुधारतंय. मी गेलो तरी चालेल असं मनात आलं. आणि लगेच वाटलं, चालेल कसं? त्याचं पहिलं पाऊल अजून बघायचंय. मग थोडा रडलो. कुणी बघितलं नाही.

३० जून, रविवार, पोन

आज ओ दिली. पुढचं उद्या लिहीन.

१ जुलै, सोमवार, वागे

काल मंदिरातून लवकर परतलो. कुंपणाशी आलो तोच हाक आली, "पोनिरान! ए पोनिरान! बघ कोण आलं!" पूर्ण नाव. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आलो, आई."

अंगणात विहीणबाई उकिडव्या बसल्या होत्या, हात पसरून. समोर बाकाला धरून विष्णुवर्धन उभा होता. तोही त्या नावाला वळला होता. खुदकन हसला, दोन दात दिसले. विहीणबाईंनी मला बघितलं आणि जमिनीवर बसकणच मारली.

"गुरुजी, माफ करा, माफ करा," एवढंच चाललं होतं त्यांचं.

मग सगळं बाहेर आलं. खीर पलीकडच्या घरची नव्हतीच. ईदनंतरच्या बुधवारी माझ्या अंगणात माझ्या नातवाचं नाव बदललं गेलं, आणि मी येऊन दोन वाट्या खाऊन वर लोकांना वार शिकवला. तेव्हापासून मी झोपलो किंवा बाहेर गेलो की त्याला नव्या नावानं हाका मारायच्या. आणि घरातल्या वडील माणसाचं नाव असं ओरडायचं म्हणजे पाप, म्हणून विहीणबाई प्रत्येक हाकेआधी माझ्या खोलीच्या दाराकडे तोंड करून माफी मागायच्या. हे सांगताना त्या रडत होत्या, आणि मला काय करावं कळत नव्हतं. तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती, ती गुडघ्यापर्यंतच आली आणि थांबली.

"माझंच का?" मी गायत्रीला विचारलं. "गावात नावं संपली होती?"

ती म्हणाली, "आजीनं सांगितलेलं होतं. मी नऊ वर्षांची असेन. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, तुझ्या बाबाचं नाव आधी मोठं होतं, त्याच्या आजोबांनी ठेवलेलं, राजवाड्यातलं असावं तसं. सात महिन्यांचा झाला तरी मान धरेना. सगळ्यांनी आशा सोडली. मग मी हट्टानं सासऱ्यांच्या विरुद्ध जाऊन खीर केली आणि वारावरून पोनिरान करून टाकलं. म्हटलं, एवढं हलकं नाव घेऊन कुणीही चालेल. आणि बघ, चालला."

 मी विचारलं, "आधीचं नाव काय होतं?"

"मीही विचारलं. आजीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. म्हणाली, ते परत उच्चारायचं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस एवढ्या वर्षांत?"

"आजीनंच सांगितलं होतं, त्याला कळू देऊ नकोस. तो लगेच ते जुनं मागायला निघेल."

मला ओळखून होती बाई. मी खरंच निघालो असतो. या क्षणीही निघालो असतो, पण विचारायचं कुणाला? सातशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेलं राजाचं नाव मी वाचू शकतो. माझं स्वतःचं पहिलं नाव मला कधीच कळणार नाही.

आणि ती मला बाजारावरून नाव ठेवून मोकळी झाली, असं मी आयुष्यभर मानत आलो. सासऱ्यांच्या विरुद्ध जाऊन! आमचे आजोबा म्हणजे काय प्रकरण होतं, ते मला ठाऊक आहे. आई, चुकलो गं मी. एवढी वर्षं मी तुझ्यावर रुसलो होतो आणि तू काहीच बोलली नाहीस.

मग मीही माझं सांगून टाकलं. रंगावुनीचं. राजालासुद्धा मोठं नाव मोठेपणीच मिळालं होतं, आणि लहान असताना तो साध्या नावानं लपून वाचला होता. मुजिओनो आ वासून ऐकत होता. विहीणबाईंनी डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवले.

"म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही मला किलोत विचारत होतात!"

जे ऐकायचं ते ऐकून घेतलं. मग गायत्रीनं चहा केला.

आज वजन होतं. सात किलो साडेचारशे. गायत्रीनं नर्सबाईंना मिठीच मारली. मी म्हणतो औषध. विहीणबाई म्हणतात नाव. डॉक्टरीणबाई आठवड्यानं परत तपासणार आहेत. कागदावर विष्णुवर्धनच राहील, खांदे रुंद झाले की त्याचं त्यानं उचलावं, हे सगळ्यांना पटलं.

४ जुलै, गुरुवार, पहिंग

विहीणबाईंनी नवीनच काढलं आहे. म्हणतात, ज्यानं पहिलं नाव ठेवलं त्यानं स्वतः नव्या नावानं हाक मारल्याशिवाय नाव पुरतं लागत नाही, अर्धवट राहतं. हे त्यांनी आत्ता शोधून काढलं की खरंच तसं आहे, कळायला मार्ग नाही.

मला जमत नाही. मी त्याला अरे म्हणतो, बाळा म्हणतो, राजे म्हणतो. ते नाव जिभेवर आलं की कॉलेजातला तो वर्ग आठवतो. स्वतःलाच हाक मारायची म्हणजे कशी मारायची? वेड्यासारखं वाटतं.

काल पेज भरवताना गायत्री म्हणाली, "बाबा, तुम्हाला लाज वाटते का?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला नाही वाटत. मला ते नाव फार आवडतं. ते घेतलेला माणूस मी लहानपणापासून बघतेय." आणि चमचा पुढे केला, त्याच्या तोंडाजवळ. मी चष्मा पुसत बसलो.

७ जुलै, रविवार, क्लिवोन

सकाळी त्याला कडेवर घेऊन मंदिरात गेलो. कुणी नव्हतं. धुकं उतरत होतं आणि उन्हाचा एक पट्टा खालच्या चौथऱ्यावर आला होता. तिथं त्याला उभं केलं, कोरलेल्या दगडाला हात टेकवून. चार पावलं मागे सरलो आणि गवतात बसलो.

म्हटलं, "विष्णुवर्धन." एकदाच, शेवटचं म्हणून. तो शेवाळ उकरत होता, उकरतच राहिला.

आजूबाजूला बघितलं. घसा खाकरला. "रान," मी म्हटलं. आवाज फुटला नाही नीट. परत म्हटलं, "रान. ए पोनिरान. ये इकडे." शेवटचं ये असं वर ओढलं गेलं, आमच्या खेड्यातल्या हेलात. आई ओढायची तसंच. मी ओढलं नव्हतं, ते तसंच बाहेर पडलं. चौसष्ट-पासष्ट वर्षांपूर्वी ताटली घेऊन माझ्यामागे धावणारी बाई माझ्याच गळ्यातून मला बोलावत होती, आणि मला एवढीशीही लाज वाटली नाही.

तो वळला. दगडावरचा हात सुटला. एक पाऊल टाकलं, मग थांबला, आपल्याच पायाकडे बघितलं. मी म्हटलं, "ये पोनिरान, ये माझ्या बाळा, घाबरू नकोस." दुसरं टाकलं. तिसरं. चौथ्याला तोल गेला आणि माझ्या अंगावर येऊन आदळला, मीही गवतात मागे पडलो. तसेच पडून राहिलो दोघं. तो हसत होता, आणि मी रडतोय हे त्याला गमतीचं वाटत होतं. तो माझा चष्मा ओढत होता.

पहिलं पाऊल त्यानं घरात कुणासमोर टाकलं नाही, हे गायत्रीला कसं सांगायचं, ते घरी जाईपर्यंत ठरवत होतो. वाटेत दोनदा थांबून त्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यावं लागलं. जड झालाय.